वर्ग : स्वानुभव

३ फेब्रुवारी

पुस्तक येऊन आज तीन महिने झाले. 'दर दोन तासांनी'. कादंबरी, पानं एकशे ब्याऐंशी. पाच प्रकाशकांनी परत केलं, म्हणून स्वतःच काढलं. साइटवर चढवलं की मागणीप्रमाणे छापून घरपोच जातं, फोनवरही वाचता येतं. तीन महिन्यांत एकोणीस प्रती गेल्या. घेणाऱ्यांपैकी अकरा जणांना मी ओळखतो.

बायको म्हणाली, "उरलेले आठ कोण ते शोधून काढा. चहाला बोलावू."

एकतीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी दुसऱ्यांच्या पुस्तकांची सूची करतो आहे. वर्गांक, विषय, लेखक, उंची सेंटिमीटरमध्ये. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक जळाल्यासारखंच असतं, हे नव्या कर्मचाऱ्यांना मीच सांगतो. माझं पुस्तक कोणत्या कपाटात आहे, ते मला माहीत नाही.

ही वही त्यासाठी. काय केलं आणि काय झालं, एवढंच लिहायचं.

९ फेब्रुवारी

ताईची मुलगी आली होती. दुकानांना कोणता माल कुठल्या फळीवर ठेवावा, हे आकड्यांवरून सांगणं ही तिची नोकरी. आल्या आल्या माझ्या टेबलावर बसली, साइटच्या मागच्या बाजूचं पान उघडलं आणि खालपर्यंत बघितलं.

"मामा, तुझं पुस्तक कोणी वाचत नाही असं नाहीये. ते कोणाला दिसतच नाहीये."

मग तिने मेटाडेटा म्हणजे काय ते सांगितलं. पुस्तकाबद्दलची सगळी माहिती. नाव, वर्ग, वर्णन, शोधशब्द. शोधणाऱ्याला काय दाखवायचं, ते यंत्र या माहितीवरून ठरवतं.

"म्हणजे सूचीपत्र," मी म्हणालो.

"तुमचं सूचीपत्र पुस्तक आल्यावर होतं. इथे ते आधी. आत काय लिहिलंयस ते यंत्र बघतही नाही."

"तू बघितलंस?"

"वाचायचंय रे. पण खरं सांगू का, कामाला लागत नाही."

शोधशब्दांना सात चौकोन असतात. मी भरले होते : काळ, मौन, मृत्यू, अस्तित्व, एकटेपण, आई, कादंबरी. ती हसायला लागली. "'मौन' असं टाइप करून कोण पुस्तक शोधतं, मामा?"

जाताना विचारलं, ताईने वाचलं का. "नाही. ती म्हणते, मी होते ना तिथे, परत कशाला वाचू."

१६ फेब्रुवारी

भाचीने एक यादी पाठवली आहे. लोक शोधाच्या चौकोनात खरोखर काय लिहितात, त्याची. मी ती हाताने उतरवून घेतली.

आई ओळखत नाही काय करावे. झोपून पाठीला जखम. खुबा मोडला वय ऐंशी. आजारी आईला एकट्याने कसं सांभाळावं. आई कधी जाईल कसं कळतं.

या वाक्यांना विरामचिन्हं नाहीत. माझ्या कादंबरीत असं एकही वाक्य नाही. हे मला आधी मिळायला हवं होतं.

इथे कादंबरीची गोष्ट नोंदवून ठेवतो. एक म्हातारी, एक मुलगा, एक खोली. खुबा मोडल्यावर ती उठत नाही. मुलगा तिला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळवतो, चौदा महिने. शेवटी ती त्याच्या हातात जाते.

आई ताईकडे होती. कादंबरीत ती मुलाकडे आहे आणि मुलाला बहीण नाही. हा निर्णय रचनेचा. खोलीत तिसरं माणूस आलं की बोलणं सुरू होतं, आणि मला बोलणं नको होतं. ताईची वही मात्र फार उपयोगी पडली. वेळ, कूस, औषध, लघवी, ताप. चौदा महिने, एक खाडा नाही. मी रविवारी जात असे. ग्रंथालयाची जुनी कार्डं संगणकावर चढवण्याचं काम त्याच वर्षी होतं.

हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दर रविवारी?"

जमेल त्या रविवारी.

२३ फेब्रुवारी

वर्णनाच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं आणि लोक बोट लावत नाहीत. भाचीने सांगितलं, दोन वर्णनं लिही, एकेक आठवडा लावून बघू.

पहिलं : "आई आणि मुलगा यांच्या अखेरच्या चौदा महिन्यांची संयत कादंबरी."

दुसरं : "मी आईला चौदा महिने एकट्याने सांभाळलं. दर दोन तासांनी तिची कूस बदलली."

'एकट्याने' हा शब्द त्या यादीतून घेतला.

भाचीने दुसरं दोनदा वाचलं. "हे पुस्तकातलं वाक्य आहे ना?"

"कादंबरी प्रथमपुरुषी आहे."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि तारखा घातल्या.

९ मार्च

निकाल आला. पहिलं वर्णन शंभर जणांना दिसलं तर दोघं आत आले. दुसरं दिसलं तर अकरा. अकरांतल्या तिघांनी पुस्तक घेतलं.

वाचक कुठे थांबतात, तेही दिसतं. फोनवर वाचणाऱ्यांची आलेखातली रेघ पान एकतीसला एकदम खाली येते. तिथे मी काळाविषयी नऊ पानं लिहिली आहेत. ती नऊ पानं लिहायला मला एक उन्हाळा लागला होता.

पान चौसष्टला रेघ वर जाते. म्हणजे लोक ते पान पुन्हा उघडतात. तिथे मुलगा आईला पहिल्यांदा एकट्याने वळवतो. चार परिच्छेद. ताईच्या वहीत पहिल्या पानावर कसं वळवायचं ते लिहिलेलं होतं, हॉस्पिटलातल्या सिस्टरने सांगितलेलं आणि तिने स्वतः शोधलेलं. त्यातली क्रियापदं मी बदलली होती, आणखी फार नाही.

बराच वेळ ती रेघ बघत बसलो.

१३ मार्च

आज एक काम केलं, ते भाचीला विचारून नाही.

तिच्या तक्त्यात प्रत्येक वर्गात किती पुस्तकं आहेत ते दिलं आहे. 'कौटुंबिक कादंबरी' मध्ये अकरा हजारांवर. त्यात माझं कुठे, ते मोजायलाही कोणी जात नाही. 'आजार आणि सेवा : स्वानुभव' मध्ये बेचाळीस.

एकदा ग्रंथालयात एका प्रवासवर्णनाचा लेखक कुठेच गेला नव्हता असं कळलं. मी ते पुस्तक त्याच दिवशी काढून कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवलं आणि कार्डावर लाल शाईने सही केली. प्राचार्य म्हणाले होते, एवढं काय त्यात. मी म्हणालो होतो, एवढंच असतं.

पण इथे तसं नाही. आई माझीच होती. खुबा खराच मोडला. चौदा महिने खरे आहेत. खोली, पलंग, औषधांची नावं, ताप. माणूस कोणी तरी तिथे होतंच. कल्पित असं किती उरतं?

यादी उघडून वर्ग बदलला. साइटने विचारलं, "खात्री आहे?" हे ती सगळ्यांनाच विचारते.

२१ मार्च

आठ दिवसांत एकशे सेहेचाळीस प्रती. बेचाळिसांत माझं तिसरं.

अभिप्राय यायला लागले आहेत. कोणी भाषेबद्दल लिहीत नाही. "तुम्ही मुलगा असून केलंत." "माझ्या भावांना पाठवलं." "रडले."

आज एक पत्र आलं. शाळेची बस चालवणारी बाई आहे. वडील सात आठवडे अंथरुणावर आहेत. तिने लिहिलंय : "देखरेखीला ठेवलेली बाई महिन्याभरात सोडून गेली. मी दुसरी शोधत होते. तुमचं पुस्तक वाचलं आणि शोधणं थांबवलं. तुम्ही चौदा महिने एकट्याने केलंत तर मलाही जमेल. एकच विचारते. वडिलांचाही डावा खुबा आहे. उजव्या कुशीवर घेतलं की डावा पाय पुढे घसरतो आणि ते ओरडतात. तुम्ही पाय कसा धरायचात?"

पान चौसष्ट काढून बघितलं. तिथे पायाबद्दल काही नाही.

२२ मार्च

सकाळी ताईला फोन केला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आईनंतर ती एकटीच त्या घरात असते. भाची शनिवार-रविवार जाते.

"अगं, आईला उजव्या कुशीवर घेताना पाय कसा धरायचीस?"

"का रे? कोणाला काय झालं?"

"एका वाचकाने विचारलंय."

"दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी. वळवायच्या आधी, नंतर नाही. नंतर घालायला गेलं की ओरडतात. आणि पाय धरायचाच नाही, कमरेखाली चादर आडवी घालून ठेवायची, चादर ओढायची. खांदा आणि कंबर एकदम आली पाहिजे. लिहून घेतोस का?"

"घेतोय."

"टाचा अधांतरी ठेवायला सांग. पोटरीखाली घडी. आणि आधी सांगायचं त्यांना, आता वळवते हं म्हणून. शुद्ध असो नसो." मग तिनेच विचारलं, "किती वय आहे त्यांचं?"

तिने जसं सांगितलं तसं लिहून बाईला पाठवलं. दुपारी उत्तर आलं : "जमलं. ओरडले नाहीत. तुमचे फार उपकार."

२९ मार्च

या आठवड्यात सतरा प्रश्न. तोंड कसं धुवायचं. गिळत नसेल तर. चादर ओली झाली आणि मदतीला कोणी नसेल तर. रोज सकाळी दहाला ताईला फोन करतो. ती आता वाटच बघत असते. काल म्हणाली, "आज उशीर झाला तुला."

तिला हे सगळं आठवतं, आणि सांगताना तिचा आवाज बदलतो. चौदा महिन्यांत कोणी तिला विचारलं नसावं. मीही नाही. मी तिची वही मागितली होती.

बायको जेवताना म्हणाली, "उत्तरं ताईंची आणि खाली सही तुमची."

मी म्हणालो, लोकांना उत्तराशी मतलब असतो.

"मग सही त्यांची घाला. उत्तर तेच राहील."

तिला या साइटचं कसं चालतं ते कळत नाही.

४ एप्रिल

मोठ्या हॉस्पिटलातून पत्र. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी ते दर महिन्याला एक दुपार ठेवतात. पुढच्या वेळी मी यावं. वाचन नको आहे. "प्रत्यक्ष अनुभव सांगावा आणि शक्य असल्यास कूस कशी बदलायची ते दाखवावं. पलंगाची व्यवस्था आहे." दीडशे लोक येतात. बसवाल्या बाईलाही मी कळवलं, ती सुट्टी काढून येणार आहे.

एकोणीस प्रतींवरून इथपर्यंत. होकार कळवला.

६ एप्रिल

भाचीने आज तक्ता उघडला.

"वर्ग कोणी बदलला?"

"मी."

"कधी?"

"तेरा मार्चला. तेव्हापासून बघ रेघ कशी..."

"रेघ मला दिसतेय, मामा."

मग तिने पुस्तक मागितलं, फोनवरचं नव्हे, छापलेलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चार तास वाचलं. मधे चहा दिला, तो तसाच राहिला. शेवटचं पान झाल्यावर पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मी हॉस्टेलला होते तेव्हा," ती म्हणाली. "सुट्टीत यायचे. आईचे हात इथून इथपर्यंत काळेनिळे असायचे. मला वाटायचं पडली. ती सांगायचीही तसंच."

मी म्हणालो, "कादंबरीत काही गोष्टी गाळाव्या लागतात."

"कादंबरीत गाळ ना. मी कुठे काय म्हणते? कादंबरी होती तोपर्यंत काहीच नव्हतं." तिने पर्स उचलली. "आईला तू सांग. मी सांगणार नाही."

तक्ता उघडाच ठेवून गेली. आज नव्वद प्रती.

१२ एप्रिल

ताईकडे गेलो. तिला म्हणालो होतो, हॉस्पिटलात दाखवायचं आहे, एकदा शिकव.

आईचा पलंग अजून तिथेच आहे, भिंतीपासून हातभर पुढे. मी विचारलं, भिंतीला का नाही लावला. "दोन्ही बाजूंनी जाता यायला हवं. एकट्या माणसाला पलंगाभोवती फिरावं लागतं." मग म्हणाली, आता सवय झाली, भिंतीला लावला की खोली वाकडी वाटते.

चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि ती पलंगावर आडवी झाली. "मी आई. डावा पाय मेलेला. वळव."

मी खांदा धरून ओढलं. 

"ओढलंस तर मरेन मी. आधी बोल."

"काय बोलू?"

"काय बोलायचा असशील ते. हिच्याशी काय बोलतात, असं करू नकोस."

"आई, वळवतो हं," मी म्हणालो. 

पहिल्या वेळी तिची मान मागे राहिली. दुसऱ्या वेळी उशी विसरलो. तिसऱ्या वेळी चादर घट्ट धरली, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवला, आणि ती सगळी एकदम माझ्याकडे वळली. हलकी आहे. इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. तिचं तोंड माझ्या पोटाजवळ होतं आणि डोळे मिटलेले होते.

"आता बरं," ती तशीच म्हणाली. "कळलं मला. पुस्तकात तू एकटा आहेस."

"कादंबरी आहे ती."

"हो. खोदून विचारलं तेव्हा पोरगी तेच म्हणाली, कादंबरी आहे म्हणून. मी म्हटलं, मग ठीक आहे." तिने डोळे उघडले. "पण मग लोक तुला का विचारतात, तू कसं केलंस म्हणून?"

मी विचारलं, खालचा हात कुठे ठेवू.

"खालचा हात थोडा पुढे काढ. नाहीतर अंगाखाली चेंगरतो," ती म्हणाली.

अकरा वेळा वळवलं. घरी येताना पाठ दुखत होती. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "एका दिवसाची बारा होतात ना? एक राहिलं."

निघताना ताईला म्हणालो होतो, तूही ये. मधेच काही विसरलो तर.

१९ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

हॉल तळमजल्यावर. खुर्च्या भरलेल्या, मागे काही जण उभे. पुढे पलंग, त्यावर एक शिकाऊ परिचारिका रुग्ण म्हणून झोपलेली. ताई आणि भाची शेवटच्या रांगेत, दाराशी. हॉस्पिटलच्या समाजसेविकेने ओळख करून दिली. पुस्तकाच्या वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी तिने वाचल्या. माइकवर त्या वेगळ्या वाटल्या.

मी दाखवलं. आधी बोललो, उशी घातली, चादर ओढली. मुलगी सहज वळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाचांचं सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहून घेतलं.

मग प्रश्न. पहिल्या चारांची उत्तरं मला आली. चारही मी या महिन्यात फोनवर ऐकली होती.

पाचवी बसवाली बाई. पुढच्याच रांगेत होती. पत्रावरून मला वाटलं होतं त्याहून लहान, चाळिशीतली. डोळ्यांखाली काळं. ती उभी राहिली आणि खुर्चीच्या पाठीला धरून राहिली.

"तुम्ही सांगितलेलं सगळं करते. जमतं. फक्त एक विचारायचं राहिलं. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा. तुम्ही झोपत कधी होतात?"

मी कादंबरीतलं वाक्य म्हणालो. "झोप ही माझ्याकडे कोणीतरी विसरून गेलेली वस्तू होती." पान एकशे तीनवर आहे. ते वाक्य मला आवडत असे.

बाईने वही उघडली होती. तिने काही लिहिलं नाही.

"तसं नाही हो. म्हणजे किती वाजता? गजर लावायचात का? मला सकाळी साडेसहाला बस काढायची असते, पंचेचाळीस मुलं असतात गाडीत. परवा सिग्नलला डोळा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून उठले. म्हणून विचारते. मधे कोणी असायचं का?"

मी ताईकडे बघितलं. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, याचंही असणार होतं. ती आपल्या हातांकडे बघत होती. भाची माझ्याकडे बघत होती.

मी माइक जवळ घेतला.

"मधे कोणी नव्हतं," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "मी नव्हतो."

बाईला कळलं नाही. "म्हणजे?"

"मी रविवारी जायचो. काही रविवारी. आई बहिणीकडे होती. हे सगळं तिने केलं. पुस्तकात मी तिला घातलं नाही. मागे बसली आहे ती. मला माहीत नाही ती कधी झोपायची. मी कधी विचारलं नाही."

समाजसेविकेने माइक घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. कोणीतरी उठून बाहेर गेलं. लोक वळून बघायला लागले, आणि ताईला उभं राहावं लागलं. तिला माइक द्यायला गेले तर तिने नको म्हटलं.

ती सगळ्यांना ओलांडून बसवाल्या बाईशीच बोलली. "नाही झोपायचे मी. बसल्या बसल्या डुलकी यायची. एकदा दूध ठेवलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या झोपले. पातेलं जळून काळं झालं, धुराने आई खोकायला लागली तेव्हा जाग आली. हे मी वहीत लिहिलं नाही. लाज वाटली." मग म्हणाली, "तू एकटीने करू नकोस. होत नाही ते. झालं असं नंतर वाटतं, पण होत नसतं. भाऊ आहे का तुला?"

"आहे."

"काय करतो?"

"ऑफिस आहे त्याला."

"त्याला बोलाव. येत नाही म्हणाला तर परत बोलाव. मी बोलावलं नाही, ते चुकलं माझं."

बाई खाली बसली. रडली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

नंतर तासभर लोक ताईभोवती होते. मी पलंगावरची चादर काढून घडी केली. शिकाऊ परिचारिकेने विचारलं, "सर, उशी आणि टाचांचं खरं आहे ना?" मी म्हणालो, ते खरं आहे.

परतताना भाची गाडी चालवत होती, ताई पुढे. मी मागे. ताईला दारात सोडलं तेव्हा ती म्हणाली, "मान चांगली सांभाळलीस त्या मुलीची."

२० एप्रिल

सकाळी वर्ग बदलला. कौटुंबिक कादंबरी. साइटने विचारलं, खात्री आहे? हो म्हणायच्या आधी सहभागाचे रकाने बघितले. लेखक, अनुवादक, चित्रकार, संपादक. ताईने जे केलं त्याला रकाना नाही. तिला फोन करून विचारलं, सहलेखक म्हणून नाव घालू का.

"मी कुठे लिहिलंय? नको. मला त्यात ओढू नकोस."

मग वर्णन बदललं. यादी, शोधशब्द काही समोर न ठेवता लिहिलं :

"कादंबरी. लेखकाच्या आईला चौदा महिने लेखकाच्या बहिणीने सांभाळलं. कूस बदलण्याची रीत तिची आहे, ती खरी आहे. या पुस्तकातला मुलगा कल्पित आहे."

भाचीला कळवलं. तिचं उत्तर : "क्रमांक जाईल. अभिप्राय तसेच राहतील, ते पुसता येत नाहीत. लोक चिडतील."

दुपारी : "पण वाक्यं बरोबर आहेत."

ज्या लोकांना उत्तरं पाठवली होती त्यांची यादी केली. एकाहत्तर. प्रत्येकाला वेगळं लिहायचं ठरवलं आहे. आज चार झाली.

२७ एप्रिल

या आठवड्यात सहा प्रती. पाचपैकी एकच तारा दिलेले दोन अभिप्राय. "फसवणूक." दुसरा : "माझ्या भावांना हे पुस्तक पाठवून त्यांच्याशी भांडले होते. आता त्यांना काय सांगू?" पत्रं एकोणपन्नास झाली.

बसवाल्या बाईला पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. उत्तर नाही. ताईला तिचा रोज फोन येतो, असं भाचीकडून कळलं. भाऊ दोन दिवस राहून गेला.

४ मे

ताईने मागच्या आठवड्यात पुस्तक मागवून घेतलं होतं, भाचीकडून. मला सांगितलं नव्हतं. आज सकाळी दहाला तिचा फोन.

"वाचलं. ते मधलं काळाचं काही कळलं नाही."

"ते कोणालाच कळलेलं नाही."

"बाकी चांगलं आहे. आई तशीच आहे. शेवटी ती डोळे उघडते ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं जरा वेळ."

तिचा श्वास ऐकू येत होता. पुस्तकाचं पान उलटल्याचाही आवाज आला. पुस्तक तिच्या हातात असावं.

"मुलगा फार चांगला काढलायस रे," ती म्हणाली. "शांत आहे. चिडत नाही. मी चिडायचे." आणखी एक पान उलटलं. "असा एक घरात असता तर त्याला म्हटलं असतं, मधलं एक वळवणं तू कर. एकच. बाकीची अकरा मी केली असती."